वरचा वाल्व

"सांग तुझ्या त्या पाइपवाल्याला, माझी टाकी वेगळी तपासायची!" बाबा मला म्हणाले. पाइपवाला, म्हणजे माझा नवरा, हाताच्या अंतरावर उभा होता.

"बाबांना सांग," नवराही मलाच म्हणाला, "टाकी आणि पाइप वेल्डिंगनं जोडलेत. आता चाचणी एकत्रच."

लग्न झाल्यापासून हे असंच. बाबांना जावई टाकीखात्यातला हवा होता आणि मी पाइपखात्यातला गाठला! पाण्याच्या दाबानं गळती शोधायच्या या चाचणीचा पंप चालवते मी, त्यामुळे निरोपांची हमालीही माझ्याच गळ्यात. बाबांची ही कारखान्यातली शेवटची टाकी. उद्यापासून ते घरी बसणार. आज अबोला सुटला नाही, तर घरातही जन्मभर मीच टपाल पोचवणार, याची मला धास्ती होती.

इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या, "एकत्र तपासायचं तर टाकीला झेपेल तेवढाच दाब. पाइपला जास्त चालला असता, पण नियमात बसतंय."

"म्हणजे माझी टाकी लेचीपेची?" बाबा फणकारले. नवऱ्यानं हसू दाबलं.

पाणी भरलं. बाबांनी शिडी चढून वरच्या वाल्वमधून हवा काढली. त्या वाल्वला ते कुणाला हात लावू देत नसत. पाणी सोडताना तो आधी उघडला नाही, तर हवा आत शिरत नाही आणि एवढी मोठी टाकी आत चेपते.

मी पंप मारला. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा चढला, थांबला आणि हळूहळू उतरायला लागला.

बाईंनी दाब कमी करायला लावला आणि दोघं कोरडी फडकी घेऊन धावले. बाबा पाइपांकडे, नवरा टाकीकडे! एकमेकांची खोट शोधायची घाई, दुसरं काय. मला हसू आवरेना.

एका वळणावरच्या जोडावरून बाबांनी बोट फिरवलं. मग परत फिरवलं.

"हा कुणी केला?" त्यांनी मला विचारलं.

"तुमच्या जावयानं."

ते वाकून खालची बाजूही बघून आले. फडकं कोरडंच राहिलं होतं.

पाणी झिरपत होतं गेजच्या मानेपाशी. दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही म्हणून सकाळी बाबांनी ते स्वतः बसवलं होतं. नवऱ्यानं गेजकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"गेज ढिलं आहे. माझ्याकडूनच राहिलं."

"खोटं बोलू नकोस!" बाबा सगळ्यांसमोर ओरडले. "ते मी बसवलंय!"

पहिल्यांदाच ते त्याच्याशी थेट बोलले होते. त्यांचे कान लाल झाले. मला तर नाचावंसं वाटलं.

दाब पूर्ण उतरवून बाबांनी गेज पुन्हा बसवलं, मी पुन्हा पंप मारला. या वेळी काटा जागचा हलला नाही. बाईंनी सही केली.

पाणी सोडायची वेळ झाली. बाबांनी शिडीवर पाय ठेवला आणि मागे घेतला.

"जावईबुवा," ते म्हणाले, "तुम्ही चढा. हळू उघडा."

नवऱ्यानं सवयीनं माझ्याकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस? तुलाच सांगतायत!"

तो चढला, वाल्व उघडला. मी खालून पाणी सोडलं. तो खाली उतरेपर्यंत बाबा दोन्ही हातांनी शिडी धरून उभे होते.