बघितलंस की वाटलं?

लोक आम्हाला हवाईसुंदरी म्हणतात. माझ्यातली सुंदरी कधीच मागे पडली, हवा तेवढी उरली आहे, आणि तीही बरीच गरम. हाताखालच्या पोरी पाठीमागे मला तपासनीसबाई म्हणतात. दार बंद केलं म्हणाल्या, की माझा एकच प्रश्न असतो, बघितलंस की वाटलं? हा प्रश्न मी घरी लेकीवर घासून घासून धारदार केलेला आहे. गॅस बंद केला, कुलूप लावलं, काहीही म्हणाली की विचारायचंच. एकदा ती वैतागून म्हणाली, "आई, मी तुझीच मुलगी आहे हे तरी बघितलंयस ना?"

त्या दुपारी ती माझ्याच विमानात होती. सातवा महिना संपत आलेला, माझ्याकडे बाळंतपणाला निघालेली. पंखाजवळ विमान कमी हलतं म्हणून मीच तिला मधल्या रांगेत, वाटेलगतच्या खुर्चीवर बसवलं होतं.

उतरायची वेळ झाली. खालून चाकं सुटल्याची ओळखीची घरघर आली, आणि विमान खाली जायचं सोडून पुन्हा वर चढायला लागलं. लगेच फोन वाजला. आमचा कॅप्टन इतका शांत, की सगळे त्याला थंडोबा म्हणतात. आवाज तसाच होता.

"ताई, डाव्या चाकाचा हिरवा दिवा लागत नाही. हाताने सोडून पाहिलं, तरी नाही. चाकच अडकलंय की नुसता दिवा गेलाय, ते कळायला हवं. काचेतून बघून सांगता?"

आमचं विमान जुनं. मधल्या वाटेत गालिच्याखाली वाटीएवढी काच आहे, तिच्यातून चाकाचा पाय दिसतो. पायावर दोन तांबड्या खुणा आहेत. पाय पुरता उघडून घट्ट बसला, की दोन्ही मिळून एक सरळ रेघ होते. रेघ जुळली नसेल, तर टेकताक्षणी पाय दुमडतो आणि विमान एका कुशीवर फरफटत जातं. मग सगळ्यांना घसरगुंडीवरून खाली ढकलायचं, आणि त्यांत माझी लेक, तेवढं पोट घेऊन.

काच नेमकी तिच्याच खुर्चीशेजारी होती. आणि मागच्या डागडुजीत कुणा शहाण्याने नवा कोरा गालिचा तिच्यावरून चिकटवून टाकला होता. माझी नखं तुटली, पण कोपरा सुटेना. शेवटी ट्रॉलीतला चमचा आणला आणि दांडा खाली घालून गालिचा उचकटायला लागले.

"काही हरवलंय का?" पलीकडच्या गृहस्थांनी विचारलं.

"हो, कुणाची तरी अक्कल," मी म्हटलं. "पाय वर घ्या."

गालिचा निघाला. मी वाटेत पालथी पडले आणि काचेला डोळा लावला. खाली मळकट अंधार होता, त्यात तांबडं दिसलं. मागच्या फोनवर माझी सहकारी उभी होती, मी सांगेन ते ती कॅप्टनला कळवणार होती.

"जुळली," मी म्हटलं.

लेक वाकून माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. हळूच म्हणाली, "आई, बघितलंस की वाटलं?"

असा संताप आला म्हणून सांगू. आणि त्याच्या मागोमाग लाज. कारण मला वाटलंच होतं. एक खूण दिसली होती, दुसरीच्या जागी नुसता काळोख होता, आणि ती रेघ मला इतकी हवी होती की उरलेली मी मनानेच ओढून घेतली होती.

"थांब, कळवू नकोस," मी मागे ओरडले. गळ्यातला रुमाल सोडून काच पुसली, विजेरी धरली, पुन्हा आडवी झाले. दुसरी खूण होती, पण बोटभर खाली.

"जुळलेली नाही. सांग त्यांना, बघितलंय."

निरोप आला, की पट्टे आवळा, विमानाला हिसके देऊन पाय बसतो का बघतो. मला खुर्चीवर जायला सांगितलं होतं. मी गेले नाही, काचेत कोण बघणार होतं? खुर्चीच्या पायाला हात अडकवला, लेकीने माझी कॉलर मुठीत धरली. विमान एका अंगावर कललं, अंगात शिसं भरल्यासारखं झालं. खूण जागची हलली नाही.

"पुन्हा," मी म्हटलं.

पुन्हा कललं. कुणीतरी रडायला लागलं. खूण थोडी वर सरकली.

"पुन्हा. आणखी जोरात."

खालून ठप्प आवाज आला. काच पुसली, नीट बघितलं, मग दुसऱ्या डोळ्याने बघितलं. सरळ रेघ. मी उठून स्वतः फोन घेतला.

"जुळली. बघितलं."

"दिवा अजून नाहीच, ताई. तुमच्या शब्दावर उतरतोय."

"उतरा."

मला लेकीजवळ बसायचं होतं, जीव तिथेच अडकला होता. पण माझी जागा पुढच्या दाराशी, म्हणून मी तिथे जाऊन पट्टा लावला. उजवं चाक टेकलं. मग डावं. मी दाताखाली ओठ धरून बसले. डावं टिकलं, आणि विमान सरळ धावत गेलं.

सगळे उतरताना ते गृहस्थ दाराशी थांबले. "अक्कल सापडली का?"

"सापडली. माझीच होती."

लेक मात्र जागेवरून उठली नव्हती. मी धावत गेले. ती पोटावर हात ठेवून बसली होती.

"त्या हिसक्यांपासून अगदी गप्प होतं गं," ती म्हणाली. "तुला सांगितलं नाही. आत्ता हललं."

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "नक्की? की वाटलं?"

तिने माझा हात ओढून पोटावर ठेवला. थोडा वेळ काहीच नव्हतं. मग आतून तळव्यावर चांगली सणसणीत लाथ बसली, आणि मी त्या उचकटलेल्या गालिच्यावर बसून रडले.