वेंडेलच्या दंडांची आणि बारवरच्या वजनाची हकिगत

सुज्ञ वाचकहो, शरीराचे बळ आणि शरीराचा आकार या दोन गोष्टी एकच होत, असा समज सर्वत्र रूढ आहे. त्याचे निराकरण मी स्वतः डोळ्यांनी पाहिलेल्या एका प्रसंगाच्या आधारे, प्रस्तुत कथेत करण्याचे योजिले आहे. ओहायो राज्यातील यंग्सटाउन या आमच्या गावी एका जुन्या टायरच्या दुकानात मी जी व्यायामशाळा चालवितो, तेथे या कथेस आरंभ होतो.

आमच्या व्यायामशाळेत वेंडेल टिबेट्स नावाचा गृहस्थ वसंत ऋतूत प्रथम आला. फरशांच्या गोदामात काम करणारा, चाळिशीला टेकलेला, परंतु देह असा की दगडातून घडविला असावा. अनेक वर्षे तो शरीरसौष्ठवाच्या स्पर्धांत उतरत होता व दरवेळी खालच्या क्रमांकावर राहत होता.

"यंदा पंच म्हणाले पोटऱ्या कमी पडल्या," तो मला म्हणाला. "मागच्या वर्षी त्याच माणसांनी सांगितलं खांदे कमी आहेत. लेन, मला एकदा तरी अशा ठिकाणी जिंकायचंय जिथे कुणाचं मत लागत नाही. वजन उचललं तर उचललं, नाही तर नाही."

आमच्या व्यायामशाळेचा संघ शरद ऋतूत वजन उचलण्याच्या राज्यस्पर्धेस जाणार होता व वेंडेलच्या वजनगटात एकच जागा रिकामी होती. तिच्यासाठी दुसरा उमेदवार होता टपाल वाटणारा एल्रॉय कुख्ता. याचे दंड काटकुळे, आणि पोट मालकाच्या आधी दारातून आत येणारे. त्याआधीच्या जिल्हास्पर्धेत खांद्यावर वजन घेऊन बैठक, बेंच म्हणजे बाकावर उताणे पडून छातीवरून वजन रेटणे, आणि जमिनीवरून उचल या तीन प्रकारांत मिळून ज्याचे वजन अधिक भरेल, त्यास ती जागा, असे मी जाहीर केले.

"मी याच्याशी स्पर्धा करायची?" वेंडेलने हळूच विचारले.

"ऐकू येतंय मला, देखण्या," पलीकडून एल्रॉय म्हणाला. आणि वेंडेलला जे वजन खांद्यावर पेलवतही नसे, ते घेऊन तो शांतपणे खाली बसला व उठला.

त्या दिवशी वेंडेलला मी जे समजाविले ते येथेही नमूद करतो. आकार वाढविणे म्हणजे कारखान्यात कामगारांची भरती करणे होय. त्यासाठी मध्यम वजन, पुष्कळ आवर्तने, थोडी विश्रांती आणि स्नायू पुरता थकेपर्यंत श्रम, हा मार्ग. बळ वाढविणे म्हणजे भरती झालेल्या त्या सर्वांना एकाच शिट्टीसरशी खांदा लावावयास शिकविणे. त्यासाठी भारी वजन, मोजकी आवर्तने, दीर्घ विश्रांती, आणि स्पर्धेत जी उचल करावयाची तिचाच सराव. कामगार वेंडेलकडे अधिक होते यात शंका नाही, पण शिट्टी एल्रॉयकडे होती.

वेंडेलने हे मान्य केले, परंतु आचरणे त्यास जड गेले. दोन उचलींच्या मध्ये पाच मिनिटे स्वस्थ बसणे त्याला शिक्षेसारखे वाटे.

"घाम नाही, जळजळ नाही. हा व्यायाम आहे की बस थांब्यावर बसणं?" तो कुरकुरे.

"बस येऊ दे, मग बघ," एल्रॉय म्हणे.

मनगटास पट्टे बांधून बार, म्हणजे वजनांचा लोखंडी दांडा, ओढण्याची वेंडेलची सवयही मी मोडली, कारण आमच्या स्पर्धेत पट्ट्यांस मनाई असते. हळूहळू हाताची पकड बसली आणि पाठ व पाय एकदम जोर लावू लागले. उन्हाळा सरता सरता तो एल्रॉयच्या बरोबरीस आला. शेवटच्या आठवड्यात मी त्यास पूर्ण विश्रांती दिली आणि घरी पाठविले. येथेच घात झाला.

जिल्हास्पर्धेच्या सकाळी वजनकाट्यावर वेंडेल उभा राहिला तेव्हा मी चकित झालो. गटाच्या मर्यादेपेक्षा तो पुष्कळच खाली भरला. कातडी कागदासारखी पातळ, नस न् नस वेगळी दिसणारी, आणि ओठांस चिरा.

"काय करून बसलास?" मी विचारले.

"तयारी केली," तो अभिमानाने म्हणाला. "तीन दिवस मीठ बंद, भात-बटाटा बंद, कालपासून पाणी बंद. छायाचित्रकारही बोलावलाय. असा मी कधीच दिसलो नव्हतो."

वाचकहो, सौष्ठवाच्या मंचावर जाण्याआधी त्या लोकांत हीच रीत असते, जेणेकरून कातडीखालचे पाणी आटावे आणि स्नायू उठून दिसावे. पण वाळलेल्या देहाने भारी वजन उचलू पाहणे म्हणजे तेल काढून घेतलेल्या यंत्राला चढावर धाडणे होय. त्याने सरावासाठी बार खांद्यावर घेतला. जे वजन तो महिनाभर सहज पेलत होता, त्याखाली त्याचे गुडघे थरथरले.

बैठकीच्या फेरीस अद्याप सुमारे दोन तास अवकाश होता. मी त्यास बाहेर गाडीतळावर नेले. तेथे एल्रॉय आपल्या गाडीच्या मागच्या दारात बसून शेंगदाण्याच्या लोण्याचे सँडविच खात होता. त्याने वेंडेलकडे एकदा नीट पाहिले व मिठाच्या पाण्यात मुरविलेल्या काकड्यांची बरणी पुढे केली.

"आधी पाणी पी. मग हे खारं पाणी, घोट घोट. मग काकड्या खा."

"हे प्यालो तर तासाभरात फुगेन," वेंडेल म्हणाला. "स्नायूंची सगळी रेखणी जाईल. फोटोत मी तुझ्यासारखा दिसेन."

"माझ्यासारखा दिसायला वर्षं लागतात, राजा. इतकं सोपं नाही ते."

"तू मला का देतोयस? मी हरलो तर जागा तुला मिळेल."

"आजारी माणसाला हरवून मी घरी काय सांगू?"

वेंडेलने गाडीच्या काचेत स्वतःस बराच वेळ न्याहाळले. तो निर्णय त्याचा होता. शेवटी त्याने पाण्याची बाटली संपविली, मग बरणी तोंडास लावली. नंतर खारी बिस्किटे, सँडविचे, केळी, आणि कोपऱ्यावरच्या उपाहारगृहातले पाकात बुडविलेले पॅनकेक. पोट गोल झाले, नसा बुजल्या, आणि गालांवर रंग आला.

एक काम उरले. पहिल्या प्रयत्नासाठी कळविलेले वजन फेरीपूर्वी बदलता येते. फेरी सुरू झाल्यावर मात्र ते खाली आणता येत नाही आणि एका प्रकारातले तिन्ही प्रयत्न फसले तर माणूस बाद होतो. मी सांगितलेला आकडा पाहून वेंडेलचा चेहरा पडला.

"एवढ्यानं तर आपल्याकडची पोरंसोरं सुरुवात करतात. लोक हसतील."

"हसू देत. तू उभा राहा."

तो उभा राहिला. पहिली बैठक सहज गेली, दुसरीही, आणि तिसरीस अंगात जुना जोर परतला. बेंचवर त्याच्या रुंद छातीने एल्रॉयची आघाडी जवळजवळ भरून काढली. वेंडेलच्या अखेरच्या उचलीपूर्वी एल्रॉय थोडाच पुढे होता आणि त्याची स्वतःची शेवटची उचल यशस्वी झाली होती. जागा मिळवावयाची तर वेंडेलला आजवर कधीही न उचललेले वजन जमिनीवरून उचलणे भाग होते.

"लाव," तो म्हणाला.

बार गुडघ्यापाशी येऊन थांबला. पूर्वीचा वेंडेल अशा वेळी पाठ वाकवून झटका देत असे. या वेळी त्याने झटका दिला नाही. तो नुसता रेटीत राहिला, सर्वांगाने, एकाच दिशेस. बार वर सरकला, गुडघे सरळ झाले, पंचाचा हात खाली आला, आणि उचल मान्य झाल्याचे तीन पांढरे दिवे लागले. पोट बनियनबाहेर आले होते, चेहरा वांग्यासारखा झाला होता, आणि कोपऱ्यातल्या छायाचित्रकाराची त्यास आठवणही नव्हती.

एल्रॉयने येऊन हात मिळविला. "माझ्याच काकड्या मला महागात पडल्या," तो म्हणाला.

"कुणाच्या मताचा प्रश्नच नाही ना यात?" वेंडेलने मला विचारले.

"नाही. जागा तुझी."

सोमवारी मी वेंडेलला पुढचा कार्यक्रम दिला. काही आठवडे मांड्यांचा आकार वाढवावयाचा, कारण शिट्टी आता शिकून झाली होती व तेथे कामगार कमी पडत होते. नंतर पुन्हा भारी वजने. एल्रॉय दारात घुटमळत होता.

"पुढच्या वर्षी जागा माझी," तो वेंडेलला म्हणाला. "त्याआधी हे दंड जरा वाढव माझे. काय करायचं असतं?"

"हलकी डंबेल घे," वेंडेल म्हणाला. "आणि जळजळ सुरू झाली की बोलणं बंद कर. तेवढं जमेल का?"

जमले नाही. तो अखेरपर्यंत बोलतच होता, पण आवर्तने मात्र त्याने सर्व पुरी केली.

ही हकिगत आपण शांतपणे व अखेरपर्यंत वाचलीत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
लेनर्ड ह्रुस्का
यंग्सटाउन, ओहायो