सातवा टोला

सहा टोले कॉलेजचे आणि सातवा घरचा. एवढी साधी वाटणी होती, पण ती जगात दोनच माणसांना ठाऊक होती आणि त्यातलं एक तीन वर्षांपूर्वी गेलं.

उरलेल्या माणसाला सगळं कॉलेज घंटामामा म्हणायचं. एकतीस वर्षं मामा पोर्चच्या तुळईला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडी मारत आला होता. पहिला तास संपला की एक टोला, दुसरा संपला की दोन, असं करत संध्याकाळी सहा. हे कॉलेज म्हणे मुळात घोड्यांच्या पागेत सुरू झालं. जुन्या इमारतीत उंच पोरं अजूनही दारातून मान वाकवून आत शिरतात, आणि नवीन प्राध्यापक पहिल्या आठवड्यात एकदा तरी कपाळमोक्ष करून घेतो. पुढे विद्यापीठाने कॉलेज ताब्यात घेतलं, मजल्यावर मजले चढले, प्रयोगशाळा आल्या. घंटा मात्र तीच राहिली.

मामाचं क्वार्टर मागच्या अंगाला, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला चिकटून होतं. दोन खोल्या आणि एक खिडकी. त्या खिडकीशी मामी शिलाई मशीन घेऊन बसायची. लग्न होऊन नवीनच आली होती तेव्हा चौथ्या की पाचव्या दिवशीच वैतागली.

"अहो, दिवसभर तुमची ठणठण चालूच. मी मशीन चालवू की टोले मोजत बसू? चहा कधी टाकायचा ते कळायला नको? माझा म्हणून एक वेगळा द्या."

झालं! त्या संध्याकाळपासून मामा सहा टोले देऊन जरा थांबायचा आणि मग हातोडी सैल धरून एक हलकासा टोला द्यायचा. नंतर चौदा खोल्यांना कुलपं घालून घरी पोचेपर्यंत चहा उकळून तयार. एकदा कुणाशी तरी बोलण्याच्या नादात तो सातवा द्यायचा विसरला, तर घरी चूलही थंड आणि बायकोही. "निरोप आला नाही, मला वाटलं तुम्हाला चहा नको असेल," एवढंच म्हणाली आणि रात्रीपर्यंत तोंड फिरवून बसली. मामाने कानाला खडा लावला. पुन्हा म्हणून विसरला नाही.

आता कॉलेज म्हटलं की सातशे कान. तेव्हाच्या प्राचार्यांनी एक दिवस पोर्चमध्येच त्याला गाठलं. "काय रे, तास सहा आणि टोले सात कसे?"

सरकारी घंटेवरून घरी चहाचा निरोप! मेमोच मिळायचा. मामाने घाबरून वर पाहिलं, तर जिन्याच्या भिंतीवरच्या तसबिरीतले पहिले प्राचार्य भल्यामोठ्या मिशांतून त्याच्याकडेच बघत होते.

"साहेब, तो या मोठ्या साहेबांच्या स्मरणाचा. माझ्या आधीचे घंटावालेही द्यायचे."

आधीचा घंटावाला वारलेला, त्यामुळे शहानिशा करायची सोय नव्हती. प्राचार्यांचे डोळे पाणावले. दुसऱ्याच दिवशी नोटीस लागली, की सातव्या टोल्याला सर्वांनी जागच्या जागी उभं राहावं. थाप मारावी ती किती, तर नोटीस निघेपर्यंत!

मामीला हे कळलं तेव्हा ती हसता हसता उचकी लागून खाली बसली. "म्हणजे चहा मी टाकायचा आणि मान त्या मिशाळ बुवाला? अहो, कॉलेजात चहाला बंदी घातली होती ना त्यानेच!" त्या दिवसापासून मामा घरी आला रे आला की ती मशीनवरून मान न उचलता विचारायची, "आलात का वंदन करून?" आणि मामा चपला काढत म्हणायचा, "आलो."

मामी गेल्यावरही त्याने सातवा टोला बंद केला नाही. बंद करायचा तर कुणाला विचारून करायचा? टोला द्यायचा, चौदा कुलपं घालायची, घरी जाऊन स्वतःच चहा टाकायचा. कधी टाकायचा, कधी नाहीच.

यंदा कॉलेजला शंभर वर्षं झाली आणि त्याच महिन्यात मामाची निवृत्ती आली. लेक दूरच्या शहरात होती. जावई भला माणूस, येऊन न्यायला तयार होता. क्वार्टरची किल्ली महिनाअखेरीला द्यायची होती. आणि इकडे इतिहासाच्या बाई कॉलेजचा इतिहास लिहायला बसल्या होत्या. बाई कष्टाळू. जुनी दप्तरं उपसून उपसून त्यांना शिंकांचा आजार जडला होता. एका दुपारी त्या छापखान्यातून आलेले कच्चे कागद घेऊन पोर्चमध्ये आल्या.

"मामा, ऐका. तुमच्या घंटेवर अख्खं पान आहे." आणि त्यांनी वाचलं. संस्थापक प्राचार्यांना वाहिलेली शतकभराची आदरांजली, पिढ्यान्‌पिढ्या जपलेला सातवा टोला, आणि असंच बरंच काही. "आणि बरं का, सोमवारपासून विजेची घंटा येतेय ना, तिच्यातही सातवा टोला भरून घेतलाय मी. मागे लागून. तुम्ही गेलात तरी परंपरा तुटायची नाही."

बायकोची वस्तू डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या नावावर चढत होती, आणि चढवली होती मामानेच.

"बाई, ते खोटं आहे," तो म्हणाला. "तो टोला चहाचा आहे. आमच्या हिला निरोप म्हणून मी द्यायचो. मोठ्या साहेबांचं नाव मीच ठोकून दिलं होतं."

बाई खो खो हसल्या. "मामा, निवृत्तीच्या तोंडावर बरी गंमत सुचतेय तुम्हाला! ठेवते हं लक्षात, निरोपाच्या भाषणात सांगते." हसता हसता शिंकल्या आणि निघूनही गेल्या.

मामाला असा संताप आला की काही विचारू नका. एकतीस वर्षांत एकदा खोटं बोललो तर छापून आलं, आणि खरं बोललो तर हसण्यावारी गेलं! त्याने मनाशी ठरवूनच टाकलं. समारंभाच्या दिवशी शेवटची घंटा त्याच्याच हातची होती. सहा टोले द्यायचे आणि हातोडी खाली ठेवायची. राहू देत सगळे माना घालून उभे. जे तिचं होतं ते त्या मिशाळ बुवाच्या पायाशी नाही वाहायचं.

तो दिवस आला. मैदानात मांडव, खुर्च्या, माजी विद्यार्थी, टकलं आणि काठ्या. प्राचार्यांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितलं, "आता आपले घंटामामा अखेरची घंटा देतील. सातव्या टोल्याला आपण सर्व उभे राहू."

मामाने सहा टोले दिले, चांगले खणखणीत. सहाव्याचा नाद विरत गेला आणि हजारेक माणसं खुर्च्या सरकवत उभी राहिली. कुलगुरू उभे राहिले. इतिहासाच्या बाईंनी रुमाल नाकाशी धरला. सगळं मैदान चिडीचूप.

मामाने हातोडी खाली घेतली. एक श्वास गेला, दोन गेले. मागे प्रयोगशाळेच्या पलीकडे क्वार्टरची खिडकी दिसत होती, बंद. आणि त्याला ते आठवलं, "निरोप आला नाही." छे! आज नाही दिला, तर तो मिशाळ बुवा थोडाच रुसणार आहे? रुसायची ती.

त्याने हातोडी सैल धरली आणि हलकाच एक टोला दिला.

हजार माना खाली झुकल्या. कुलगुरूंचीसुद्धा. मामा एकटाच मान वर करून उभा होता, आणि त्याला एकदम हसू फुटायला लागलं. अगं बघ, बघ तरी! तुझ्या चहाला अख्खं विद्यापीठ उभं राहिलंय! त्याने ओठ दाबून धरले. कधी एकदा घरी जातो आणि तिला सांगतो, असं त्याला होऊन गेलं.

भाषणं सुरू झाली तसा तो मागच्या मागे निसटला. कुलपं घालायला आज दुसरा माणूस होता. प्रयोगशाळेच्या कडेकडेने तो झपाझप चालत गेला, जवळजवळ पळतच. कुलूप काढलं, दार ढकललं. मशीन लेकीकडे केव्हाच रवाना झालं होतं. खिडकीपाशी फरशीवर त्याच्या चार पायांचे डाग तेवढे उरले होते.

मामा उंबऱ्यात चपला काढत थांबला. बराच वेळ थांबला.

"आलो," तो म्हणाला.