आतली कडी

किल्लीमास्तरांना लेकीनं ज्येष्ठांच्या त्या वसाहतीत सोडलं ते एका अटीवर. आठ दिवस राहायचं, आणि तिथल्या मॅनेजरबाई ‘हो’ म्हणाल्या की खाली दुकान, वर दोन खोल्या असं मास्तरांचं घर विकायला काढायचं. मास्तरांना ‘नाही’ म्हणायची सोय अटीत कुठेच नव्हती. मॅनेजरबाईंना मात्र होती! पन्नास वर्षं लोकांची अडलेली कुलपं उघडणाऱ्या माणसाला एवढी फट पुरे होती.

पहिल्याच सकाळी मास्तर नुसत्या टॉवेलवर उभे असताना दार सताड उघडलं आणि चहावाली आत.

"उठलो का आपण?"

"मी उठलोय. तुमचं तुम्ही बघा!"

ती गेल्यावर त्यांनी दार निरखलं. आतून कडीच नाही. कोणीही यावं, मूठ फिरवावी.

नाश्त्याला शेजारी एक रिटायर्ड फौजदार होते. मास्तरांनी विचारलं, "साहेब, आतून कडी नाही, चालतं तुम्हाला?"

"आपल्याच भल्यासाठी आहे हो. रात्री काही झालं तर?"

"आणि नाही झालं तर?"

तेवढ्यात व्यायामाच्या ताई आल्या. ज्याच्या नावानं एकेकाळी गल्ल्या ओस पडायच्या तो गडी हात डोक्यावर नेऊन टाळ्या पिटायला लागला.

"शाब्बास आजोबा!" ताई म्हणाल्या. फौजदार चक्क लाजले.

मेंढरं परवडली, मास्तर मनात म्हणाले. ती निदान बें तरी करतात.

लेकीनं बॅगेत स्वेटर भरले होते. स्वेटरांच्या खाली मास्तरांनी स्वतःचं दुकानातलं सामान भरलं होतं, हत्यारं आणि कड्या. दुपारी अख्खा स्टाफ पेंगत असताना ते दारोदार हिंडले. "आतून कडी बसवून देतो. फुकट."

फुकट म्हटल्यावर म्हातारे मुंग्यांसारखे जमले. अकरा दारांना अकरा कड्या बसल्या. शेवटची मोठ्या बाईंच्या दाराला. त्या एकेकाळी शाळेत हेडबाई होत्या. त्यांनी कडी दोनदा सरकवून बघितली, "ठीक," म्हणाल्या आणि मास्तरांच्या तोंडावर दार लावून घेतलं. त्या वसाहतीत मास्तरांना आवडलेलं ते पहिलं माणूस.

दुसऱ्या सकाळी चहाची गाडी अकरा बंद दारांवर टकटक करून परत गेली. उठून दार उघडायची सवयच कुणाला उरली नव्हती. नऊ वाजता सगळे ऑफिसपुढे.

"आमचा चहा कुठाय?"

"कड्या कोणी बसवल्या?" मॅनेजरबाई कडाडल्या.

"यांनी!" फौजदारांनी बोट दाखवलं. जन्मात पहिल्यांदाच त्यांना गुन्हेगार एवढ्या झटपट सापडला असावा.

"कड्या कुणाकुणाला नकोत?" मास्तरांनी विचारलं. दहा जणांचे हात झपकन वर. व्यायामाचा असा फायदा.

"काल माझ्या हाताचे मुके घ्यायचे तेवढे बाकी ठेवले होते तुम्ही!" मास्तर म्हणाले. "कपभर चहात उतरली का मर्दुमकी?"

दहा दारं त्यांनी मुकाट मोकळी केली. अकरावं आतून बंद होतं.

"हेही उघडा," मॅनेजरबाई म्हणाल्या.

"आत माणूस आहे. त्यानं सांगितल्याशिवाय मी हात लावत नाही. धंद्याचा नियम आहे."

मॅनेजरबाई काही दुधखुळ्या नव्हत्या. त्यांनी हातातला फोन दाखवला. पलीकडे लेक होती. फोनवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "हाकलून दिलं जावं म्हणूनच ना हा सगळा उपद्व्याप? मग हे दार उघडा, मी ‘नाही’ सांगते. नाही उघडलंत तर माझं ‘हो’ आहे."

दुकानाचं शटर, वरची खिडकी, सगळं मास्तरांच्या डोळ्यांपुढून सरकलं. त्यांनी दारावर हळूच टकटक केली.

"मोठ्या बाई, उघडू का?"

"मी वाचतेय," आतून आवाज आला. "नंतर या."

"ऐकलंत? नंतर या म्हणतायत." मास्तरांनी स्क्रू ड्रायव्हर खिशात टाकला. "द्या तुमचं ‘हो’."

मॅनेजरबाईंनी फोन कानाला लावला.

"राहतो की मी," मास्तर जिना उतरता उतरता म्हणाले. "वीस वर्षं तरी कुठे जात नाही. तेवढं तुमच्या ऑफिसचं दार जरा बघतो. आतून नाही, बाहेरून लावावी म्हणतो कडी."

बाईंचा ‘हो’ ओठांवरच अडला.

"हॅलो," त्या फोनमध्ये म्हणाल्या, "वडिलांना घेऊन जा तुमच्या. नाही, संध्याकाळी नको. आत्ता."