रजया सांभाळणारी निळी बॅग

मित्रांनो, माझ्या अंगावरच्या ओरखड्यांवर जाऊ नका. मी जुनी असले तरी साधीसुधी बॅग नाही. दिल्लीच्या सरोजिनी नगरच्या बाजारातून मला घरी आणलं, ते थेट कॅरिबियन समुद्रात जहाजाने फिरायला न्यायचं म्हणून! आणलं खरं, आणि लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात कपाटावर चढवून ठेवलं. तिथे सहा वर्षं मी काय केलं? रजया सांभाळल्या.

दिल्लीची रीतच आहे ती. होळी झाली की रजयांना ऊन दाखवायचं, डांबरगोळ्या घालून त्या बॅगेत कोंबायच्या आणि दिवाळीनंतर बाहेर काढायच्या. पण भर ऑगस्टमध्ये पोटात चार रजया घेऊन बसून बघा एकदा! माझी चेन लागली की मी स्वप्न बघायची. एक मोठं पांढरं जहाज निळ्या पाण्यातून डुलत डुलत चाललंय, आणि मी त्यातल्या एका केबिनमध्ये निवांत उभी आहे. छताच्या पंख्याची घरघरसुद्धा मला लाटांसारखी वाटायची.

घरात माणसं तीन. विश्वासराव सरकारी खात्याच्या खरेदी विभागात, प्रभाताई त्यांच्या पत्नी, आणि कॉलेजात जाणारी लेक कृतिका. विश्वासरावांनी जन्मभर टेंडरं उघडली. सगळ्यांत कमी दराला ते म्हणायचे ‘एल-वन’, आणि ऑर्डर द्यायची ती एल-वनलाच. जहाजाचं तिकीटही त्यांनी तसंच काढायला घेतलं. समोरच्या भिंतीवर बारा महिन्यांच्या दरांचा तक्ता चिकटवला.

तो तक्ता मला तोंडपाठ झाला होता. नाताळात आणि नव्या वर्षाला दर आभाळाला भिडलेले. मार्चपर्यंत तिकडे अमेरिकेतल्या लोकांना बर्फातून पळून उन्हात यायचं असतं, म्हणून तेव्हाही महाग. जून-जुलैत शाळांना सुट्टी, पोराबाळांची झुंबड. आणि सप्टेंबर-ऑक्टोबर? शाळा सुरू, वर वादळांचा मोसम. कोण जातंय तेव्हा? दर एकदम खाली. एल-वन!

पण सप्टेंबर म्हटलं की आमच्याकडे गणपती. घराला कुलूप लावून जायचं? छे, नावच काढू नका. मग पितृपक्ष. मग विश्वासराव टीव्हीवर वादळाच्या बातम्या बघत बसायचे आणि म्हणायचे, “पुढच्या वर्षी बघू.” मी तर रजयांनी टम्म फुगलेली असायची. थंडीत मी रिकामी व्हायची, तेव्हा तिकीट महाग. असं आमचं कधी जुळलंच नाही.

मागच्या पावसाळ्यात विश्वासराव जिन्यात धडपडले. डॉक्टरांनी तपासून काचबिंदू सांगितला. त्यांची नजर कडेकडून आत मिटत चालली होती. गेलेली परत येत नाही, उरलेली थेंब घालून जपायची, एवढंच हातात. त्या संध्याकाळी प्रभाताई तक्त्यासमोर कितीतरी वेळ उभ्या होत्या. मला फार वाईट वाटलं.

कृतिका जवळ आली. “बाबा, डिसेंबरचा पहिला आठवडा बघा ना. वादळं संपलेली, नाताळची गर्दी अजून नाही. रेट पण ठीक आहे यार.”

“बघितलाय मी. एल-टू आहे तो. सप्टेंबरपेक्षा जास्त.”

“अहो, तुमच्या डोळ्यांनी काय टेंडर काढलंय का?” प्रभाताईंचा आवाज चढला आणि लगेच फुटला. “पुढच्या वर्षी तुम्हाला किती दिसेल, सांगा ना मला. ते आहे का तुमच्या तक्त्यात?”

विश्वासरावांनी खिशातलं पेन काढलं आणि डिसेंबरच्या त्या आठवड्यासमोर लिहिलं, ‘विशेष कारणास्तव मंजूर’. खाली तारखेसकट सही केली! व्हिसा त्यांनी मागेच काढून ठेवला होता. त्याच रात्री तिकिटं निघाली.

दिवाळी झाली, रजया बाहेर आल्या, आणि माझ्यात सुती शर्ट न् उन्हाच्या टोप्या गेल्या. काय सांगू तुम्हाला! विमानतळावर मला आपटलं, फेकलं, एक चाक गेलं, तरी मी आपली खूश.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरातल्या माणसाला काही बघायचं असेल, तर स्वस्त महिना जरूर शोधा, पण आधी त्याच्यापाशी दिवस किती आहेत ते बघा. माझी सहा वर्षं गेली त्याचं काही नाही, मी बॅग आहे. त्यांची मात्र जायला नको होती.

जहाजावरची पहिली सकाळ अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. मला केबिनच्या काचेपाशी ठेवलं होतं. बाहेर निळंच निळं, पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं तेच कळेना. जहाज इतकं हळू डुलत होतं की मी जागी आहे की झोपेत, मलाच उमगेना. विश्वासराव मान इकडून तिकडे फिरवत तुकड्यातुकड्याने समुद्र बघत होते. प्रभाताई काचेसमोर उभ्या होत्या. त्या पटकन बाजूला झाल्या.

“मी मध्ये येतेय तुमच्या. बघा नीट, डोळे भरून बघून घ्या.”

“अगं, बाजूला कशाला जातेस?” विश्वासराव हात पुढे करून म्हणाले. “कडेचं मला दिसत नाही. मध्ये ये.”