गवताच्या पोटातली बिऱ्हाडं

प्रयोगशाळेतले धुलाईमामा म्हणजे स्वच्छतेचं वेड लागलेला माणूस. बाटली धुतील ती तीनदा, आणि बुरशीचं नाव काढलं की नाक मुरडतील. अशा माणसाच्या हाती संशोधक पोरीनं रानगवत धुवायला द्यावं, म्हणजे कमालच!

तिचा विषयच तो होता. रानगवताच्या पात्यांच्या आत कुठकुठल्या बुरशी राहतात ते शोधायचं. पाती ब्लीचमध्ये बुडवायची, बाहेरचे जंतू मेले की तुकडे जेलीच्या बशीत ठेवायचे, आणि आतून काय उगवतंय ते बघायचं. पण तीन महिने झाले, बशा कोऱ्या करकरीत. शेवटी तिच्या मार्गदर्शक सरांनी बजावलं, "पुढच्या सोमवारपर्यंत काही उगवलं नाही तर विषय बंद."

पोरगी जेवणाचा डबा न उघडताच बसून राहिली. मामांना राहवेना.

"अगं, रडतेस काय? एक तरी बशी खराब झाली का? चांगली वीस मिनिटं बुडवून ठेवतो मी पाती!"

"वीस? मामा, दोन सांगितली होती!"

"दोन मिनिटांत काय कपाळ जातेय घाण!"

"अहो, तेवढ्यात ब्लीच आत मुरून आतली बुरशीही मेली की हो!"

मामांच्या पायांखालची जमीनच सरकली. पोरीच्या मेहनतीवर आपणच पाणी फिरवलं! तिचा पारा चढला होता, पण मामांचं तोंड बघून तिनं राग गिळला. "आधी घड्याळ घ्या हातात," ती म्हणाली आणि तिनं नवी पाती ब्लीचमध्ये सोडली. ती दोन मिनिटं मामांनी कशी काढली ते त्यांनाच ठाऊक.

सोमवारी बघतात तर काय, बशांत नुसती गर्दी! एक कापसासारखी पांढरी, एक गुलाबी, एक काळी कुळकुळीत. मूठभर गवतातून चौदा प्रकार! मामा बोटांवर मोजत होते आणि खुशीत होते.

सरांनी भुवई उंचावली. "ही बाहेरचीच घाण नाही कशावरून?"

तिनं दुसरी बशी पुढे केली. धुतलेलं पातं त्या बशीतल्या जेलीवर नुसतं टेकवून उचललं होतं; बाहेर काही उरलं असतं तर ते इथेही उगवलं असतं. तिथे ठिपकासुद्धा नव्हता.

"बरं. मग तीन महिने काय झालं होतं?"

"माझी चूक, सर. वेळेकडे मी लक्षच दिलं नाही."

"साफ खोटं!" मामा ओरडलेच. "वीस मिनिटं मी ठेवत होतो, सर! हिला उगाच बोल लावू नका!"

सर दोघांकडे बघून हसायला लागले. "चूक कोणाची ते सावकाश ठरवा. मला आधी या चौदा जणींची नावं हवीत."