पाठांतर छान आहे

सोनिवलीकडच्या एका शाळेत मुलींच्या संडासाला कायम कुलूप. ते निघायचं फक्त पाहुणे येणार असले की. मुलं घाण करतात, हे मुख्याध्यापक राजेश सरांचं ठरलेलं उत्तर. शलाका मॅडमनी त्यांच्यापुढे डोकं आपटून पाहिलं, सर ढिम्म. मुली भिंतीमागे जायच्या. आता त्या भिंतीसमोर नवी इमारत झाली होती आणि गॅलऱ्यांत माणसं उभी राहायची. वाडीवरच्या तानीने सांगून टाकलं, सोमवारपासून माझी रविना शाळेत येणार नाही. तिला दोष तरी कसा द्यायचा?

चौथीच्या वर्गात मॅडम तेव्हा पटवून कसं द्यायचं ते शिकवत होत्या. काय हवं ते आधी सांगा, तीन कारणं द्या, समोरचा काय म्हणेल त्याचं उत्तर तयार ठेवा. शुक्रवारी वक्तृत्व स्पर्धा झाली, पाहुणे येणार म्हणून संडासाचं कुलूप निघालं होतं. पोरांनी दरवर्षीसारखी घरून लिहून आणलेली भाषणं हातवाऱ्यांसकट घडाघडा म्हटली. मग रविना उभी राहिली.

"आमाला संडासाचं कुलूप काढून पायजे. एक, भिंतीमागं गेलो का वरून लोक बघतात. दोन, म्हनून आमी दिसभर पानी पीत नाय, डोकं दुखतं. तीन, आई मला घरी बसवनार हाय. सर म्हनतील, आमी घान करतो. आमी पाळीपाळीनं धुवू."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनी तिच्या गालाला हात लावला, पाठांतर छान आहे म्हणाले, कोणी लिहून दिलं ते विचारलं आणि पहिलं बक्षीस म्हणून डबा दिला. सरही कौतुकाने हसत होते. मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या लोकांनी पोरीला दटावलं असतं तरी परवडलं असतं. निदान ऐकलं तरी असतं.

पाहुण्यांची गाडी गेली. रविना डबा छातीशी धरून आली.

"मॅडम, मी जिंकले ना? मग आता कुलूप नाय लागनार ना?"

तेवढ्यात सर कुलूप शोधत आले. मॅडमनी पर्स उघडून त्यांना ते दाखवलं. सरांनी हात पुढे केला.

"देते की," मॅडम म्हणाल्या. "आधी हिला पटवून द्या, ते परत का लावायचं. तीन कारणं सांगा. आणि घाण करतात हे सांगू नका, त्याचं उत्तर तिने दिलंय."